पुन्हा माइकपुढे, आणि तेही मराठीत

"आता या वयात माकडचेष्टा शोभतात का?" हा प्रश्न ज्याला ऐकावा लागला नाही असा हौशी विनोदवीर मला आपल्या मोहल्ल्यात अजून भेटायचा आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नकला करणारा, वऱ्हाडाची अख्खी बस हसवणारा पोरगा तिशीत गप्प होतो. नोकरी लागते, निकाह होतो, दाढीत पहिला पांढरा केस दिसतो आणि लोक कौतुकाने म्हणतात, "सुधारला हो!" माझे भांडण या 'सुधारला' शब्दाशी आहे. ज्यांनी दहा-वीस वर्षांपूर्वी माइक खाली ठेवला, त्यांनी तो पुन्हा उचलावा. आज त्याला स्टँड-अप म्हणतात, पूर्वी एकपात्री म्हणत. नावावर अडून बसू नये.

पहिला अडसर धर्माचा सांगितला जातो. हसवणे इस्लामला मंजूर नाही, असे ठासून सांगणाऱ्यांनी कृपया शमाइल-ए-तिरमिजी उघडून पाहावी. एका वृद्धेने जन्नत मिळावी म्हणून दुआ करण्याची विनंती केली, तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले की म्हाताऱ्या बायका जन्नतमध्ये जाणार नाहीत. ती रडत निघाली. मग तिला सांगायला लावले की ती तिथे म्हातारी म्हणून जाणारच नाही, तरुण होऊन जाईल. दुसऱ्या एकाने स्वारीसाठी उंट मागितला, तर त्याला उंटिणीचे पिल्लू देतो म्हणाले. पिल्लू घेऊन मी काय करू, असे त्याने विचारले. उत्तर आले, प्रत्येक उंट हा कुठल्यातरी उंटिणीचे पिल्लूच असतो! आधी धक्का, मग ऐकणाऱ्याची घालमेल, मग उलगडा. माइकपुढे उभा राहणारा आज हेच शिकत असतो. नुऐमान नावाचे सहाबी तर थट्टेखोर म्हणूनच प्रसिद्ध होते.

लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलणाऱ्याचा धिक्कार करणारी हदीस आहे, हे मला ठाऊक आहे. सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांची खिल्ली उडवू नका, असे बजावले आहे, तेही ठाऊक आहे. पण यात हसण्यावर बंदी कुठे आहे? कुणाला हसायचे, याची ती मर्यादा आहे. अतिशयोक्ती हे खोटे ठरते का, यावर एखाद्या आलिमाशी मी रात्रभर वाद घालायला तयार आहे. मात्र तो वाद झाला पाहिजे. नुसते "तौबा तौबा" म्हणून चहा संपवणे म्हणजे वाद नव्हे.

दुसरा अडसर खरा आहे. तो भीतीचा. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरच्या एका कॅफेतील कार्यक्रमातून मुनव्वर फारुकी यांना अटक झाली. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, तोवर महिन्याहून अधिक काळ ते तुरुंगात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा बंगळूरचा कार्यक्रम पोलिसांनी होऊ दिला नाही. पुढे ते परतले, जानेवारी २०२४ मध्ये 'बिग बॉस' जिंकले. हे सारे सर्वांना पाठ आहे. पण इंदूरमध्ये त्यांच्याबरोबर पकडलेल्या स्थानिक कलाकार-आयोजकांची नावे कुणाला विचारून पाहा. (त्यांत मुसलमान नसलेलेही होते.) नामवंताचा कार्यक्रम रद्द झाला की बातमी होते. हौशी माणूस आपला कार्यक्रम स्वयंपाकघरात, बायकोचा चेहरा पाहून, स्वतःच रद्द करतो. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरांच्या कार्यक्रमावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड झाली. त्याच मंचावर नवख्यांचे ओपन माइक होत असत. त्यांच्या नुकसानीची मोजदाद कुणी केली?

म्हणजे भीती निराधार नाही. मला अमान्य आहे तो तिच्यावरून मांडलेला हिशेब. आपण गप्प बसलो तर सुरक्षित राहू, असा तो हिशेब आहे. वास्तविक आपण गप्प बसलो की आपल्याबद्दल दुसरे बोलतात. हिंदी सिनेमातला मुसलमान एकतर अत्तर लावून शायरी म्हणतो, नाहीतर बॉम्ब ठेवतो. तालुक्याच्या पतपेढीत वसुली करणारा सलीम पाटील कुठे आहे? नावावर एक चेहरा आणि आडनावावर दुसरा चेहरा करणारे लोक त्याला रोज भेटतात. "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" असे त्याला कोण म्हणतो, तर "मी ऑलरेडी ट्राय केलं" असे मराठी बोलणारा. आणि घरी आलेला लखनवी पाहुणा त्याची उर्दू ऐकून हसतो. या सलीमला दोन्ही बाजूंनी हसतात, आणि तो मात्र एकदाही कुणाला हसवत नाही!

एका कार्यक्रमात कोकणी लोकांबद्दल काढलेल्या अपशब्दावरून याच फारुकींना ऑगस्ट २०२४ मध्ये माफी मागावी लागली. शब्द वाईटच होता. धमक्या आल्या, माफी आली, प्रकरण मिटले. मला हवा होता तो दापोली-श्रीवर्धनकडचा कुणी पन्नाशीचा खोत किंवा मुकादम, जो आपल्या बोलीत पाच मिनिटांत त्या डोंगरीकराची बिनशिवीची हजामत करील. असे गडी आपल्याकडे आहेत, मी त्यांना एसटी स्टँडवर ऐकले आहे. माइकपुढे मात्र ते येत नाहीत.

शेजारी पाहा. मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, 'जिंदादिलान-ए-हैदराबाद' ही संस्था १९६२ पासून विनोदाचे जलसे भरवत आली. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब घरातल्या दखनीत लोकांना हसवत आणि त्याच दमात रडवत. आपले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात सुरू झाले. त्यात परिसंवाद झाले, अस्मिता झाली, आव्हाने झाली, कविसंमेलने रात्री बारापर्यंत चालली. हशाला अर्धा तास मिळाला नाही.

राहिला वयाचा मुद्दा. बदरुद्दीन काझी नावाचा कंडक्टर बेस्टच्या बसमध्ये प्रवाशांना हसवायचा. १९५१च्या 'बाजी'पासून तो जॉनी वॉकर झाला. तेच जॉनी वॉकर दीर्घ काळ पडद्याबाहेर राहून सत्तरीच्या उंबरठ्यावर १९९७च्या 'चाची ४२०'मध्ये परतले, आणि त्यांना कुणी वय विचारले नाही.

मी स्वतः सतरा वर्षांनी पुण्यातल्या एका तळघरात उभा राहिलो. तिथे यादीत नाव लिहावे लागते, चार-पाच मिनिटे मिळतात, शेवटच्या मिनिटाला मागे दिवा लागतो. समोर बसलेले निम्मे लोक आपल्याच पाळीची वाट पाहत असतात, ते सहसा हसत नाहीत. मी एसटीडी बूथचा जुना हमखास किस्सा काढला. पोरांना त्या तीन अक्षरांचा जो अर्थ ठाऊक होता तो इथे लिहिण्यासारखा नाही. मग मशीद कमिटीत पंख्याच्या मोटारीवरून तीन जुम्मे चाललेले भांडण सांगितले. समोरचे जोशी-कुलकर्णी खदखदून हसले, कारण त्यांच्या सोसायटीत लिफ्टवरून तेच चालू होते. बावीस वर्षांच्या पोराकडे हा ऐवज नसतो. त्याला अजून कुणी कमिटीवर घेतलेले नाही, त्याच्या मुलीला शाळेत "तू इथली वाटत नाहीस" असे कुणी म्हटलेले नाही. मधली वर्षे वाया जात नाहीत, ती साठत जातात. फक्त थांबा घेण्याची सवय मोडते, आणि ती आठ-दहा खेपांत परत येते.

(मोहल्ल्यातल्या सर्वांत पट्टीच्या नकलाकार बायका आहेत. हळदीच्या रात्री, दार लावून, त्या सासूपासून मौलानापर्यंत कुणाला सोडत नाहीत. ते दार कधी उघडणार, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

तेव्हा येत्या संमेलनाच्या आयोजकांना विनंती: समारोपाच्या भाषणांतून अर्धा तास कापा. एक माइक, एक घड्याळ आणि नावे लिहायला शंभर पानी वही ठेवा, प्रत्येकाला पाच मिनिटे द्या. पहिली तीन नावे चाळिशीपुढच्यांची घ्या. पोरांना थांबायला वेळ आहे.