अंग आंबू दे की!

आमच्या नंदगडात जिमला जाणाऱ्या पोरांच्या खिशात हल्ली दोन वस्तू हमखास सापडतात, मोबाईल आणि कॉम्बिफ्लॅमची पट्टी. बैठका जास्त झाल्या की दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना गडी कण्हतो, म्हणून आदल्या रात्रीच गोळी. भरतीची तयारी करणारे त्यांच्याही पुढं. सकाळी सोळाशे मीटर पळायचं, संध्याकाळी बीम मारायचं आणि मधे गोळी. "काय होतंय ओ, साधी दुखण्याची गोळी हाय," असं वर आपल्यालाच ऐकवतात.

होतंय. आणि जे होतंय ते नेमकं त्यांच्या मेहनतीच्या मुळावर येतंय.

व्यायामानंतरच्या दुखण्याला आपल्याकडं अंग आंबणं म्हणतात. जड वजन उचलताना, त्याहून जास्त ते सावकाश खाली सोडताना, स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. दुखणं वाढतं ते त्यांच्यामुळं, पण स्नायूच्या दुरुस्तीचं काम सुरू करण्यातही त्यांचाच हात असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या ही रसायनं तयार होणंच कमी करतात. म्हणजे भिंत बांधायची आहे, आणि गवंड्याला बोलवायला निघालेल्या माणसालाच आपण वाटेत अडवतोय.

हे नुसतं माझं मत नव्हे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 31 तरुण-तरुणींनी आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम केला. काहींना रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं, बाकीच्यांना अॅस्पिरिनचा अगदी छोटा डोस. आयबुप्रोफेनवाल्यांच्या मांड्यांची वाढ दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्मीच झाली. आता हिशोब करा. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे तोच डोस! घरचे पोटाला चिमटा काढून अंडी-दुधाला पैसे देतात, आणि त्यातलं निम्मं असं वाया जातंय. "मग नुसती पॅरासिटामॉल घेतो," म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, 2002 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात भरपूर डोस दिल्यावर तिनंही व्यायामानंतरची प्रथिनांची बांधणी दाबलीच होती.

गोळी म्हणजे विष, असं मात्र मी म्हणत नाही. कधीतरी घेतलेल्या एका गोळीनं दंड बारीक होत नाही. साठी ओलांडलेल्यांवरच्या एका अभ्यासात तर गोळी घेणाऱ्यांचे स्नायू उलट जास्त वाढले. तेव्हा आजीच्या गुडघ्याची गोळी कुणी काढून घेऊ नये. माझं भांडण आहे ते विशीतल्या पोरांच्या रोजच्या गोळीशी.

स्नायूंचं एकवेळ राहू द्या, मूत्रपिंडाचं काय? मे महिन्यात घामाघूम होऊन पळायचं, पाणी कमी प्यायचं आणि वर ही गोळी, म्हणजे तिथला रक्तपुरवठाच आवळतो. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं मेली ती मूत्रपिंडं निकामी होऊनच. त्यापायी 2006 मध्ये आपल्या सरकारनं गुरांसाठी ते बंद केलं. पक्ष्यांसाठी एवढा विचार झाला, आमची पोरं मात्र ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मागतात आणि दुकानदार देतो.

तालमीतल्या पैलवानाचंही अंग आंबायचंच. वस्ताद त्याला मालिश करून घ्यायला लावायचा, खुराक खाऊन झोप म्हणायचा. जिमच्या ट्रेनरला एवढं सांगायला काय जातंय? आपल्या कॉलेजातही खेळांच्या सरावाआधी कुणी डॉक्टर येऊन अर्धा तास बोलले तर बरं होईल.

आंबलेलं अंग सहसा तीन-चार दिवसांत मोकळं होतं. तोवर हलकं चाला, पाणी प्या, झोपा. पण एकच सांधा सुजला, दुखणं दिवसेंदिवस वाढायला लागलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळीही नको आणि ट्रेनरचा सल्लाही नको. त्याच दिवशी खानापूर नाहीतर बेळगावचा दवाखाना गाठा.