फुलीखाली एक ओळ लिहा

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाचा सी प्रोग्रॅमिंगशी काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध आहे. वही तपासताना पडणारा प्रश्न तिथेही पडतो: चूक दाखवली म्हणजे काम संपले का?

सी भाषेत 'असर्ट' ही सोय जुनी आहे. आपण धरून चाललेली अट खोटी निघाली की प्रोग्रॅम थांबतो. पण तो चालू होऊन त्या ओळीपर्यंत पोहोचला तरच. काही अटी त्याआधीच तपासता येतात. 'लाँग' प्रकारची संख्या 64 बिट लिनक्सवर 8 बाइट जागा घेते, 64 बिट विंडोजवर 4. आठ बाइट गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजवर कंपाइल होतो, चालतो आणि मोठी संख्या आली की चुकीचे उत्तर देऊ शकतो.

हे कंपाइल होतानाच पकडण्यासाठी प्रोग्रॅमरांनी एक मॅक्रो काढला. अट खरी असेल तर अ‍ॅरेची लांबी 1, खोटी असेल तर उणे 1. उणे लांबीचा अ‍ॅरे सी भाषेला मान्य नाही, म्हणून कंपायलर अडतो. युक्ती हुशारीची आहे. पण कंपायलर तक्रार करतो ती अ‍ॅरेच्या लांबीची. खरी अडचण 'लाँग'ची, तिचा उल्लेखच नाही.

2011 च्या प्रमाणात 'स्टॅटिक असर्ट' आले. त्यात अटीसोबत संदेश देणे सक्तीचे होते. पुढे सी 23 ने ही सक्ती काढली. अनुभवी माणसाला नुसती अट वाचून कळते, हे खरे. तरीही संदेश गाळू नये, असे माझे मत आहे.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी होऊन डिप्लोमाला गेलेली आपली मुले आधीच इंग्रजी एररपुढे बिचकतात. त्यांच्यासमोर नुसती 'अट खोटी' आली, तर पुष्कळदा ती अटच खोडून टाकतील. प्रोग्रॅम कंपाइल होईल, दोष आत राहील. 'इथे आठ बाइटचा लाँग हवा' एवढे सोप्या शब्दांत लिहिलेले असेल, तर मूल अट खोडण्याऐवजी योग्य प्रकार निवडेल.

अट कडकच असावी, सवलत नको. पण लाल फुलीखाली कारणाची एक ओळ लिहायला शिक्षकाला फार वेळ लागत नाही. प्रोग्रॅमरलाही लागू नये.