ताहिती की अंदमान? बुकिंगच्या आधी दिग्व्रत बघू या



सध्या आपल्या मंडळाच्या ग्रुपवर बोरा बोरा आणि ताहितीच्या रील्स फार फिरताहेत. हिरवंनिळं पाणी, पाण्यात खांबांवर उभ्या झोपड्या, गळ्यात फुलांच्या माळा. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, कुणाचा मुलगा नोकरीला लागलाय आणि म्हणतो, "आई, तू फक्त बॅग भर." आपण सातपुड्याच्या पायथ्याशी, खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या बायका. खारं पाणी आपल्याला नवीन नाही, पण त्यात पोहणारे रंगीत मासे नक्कीच नवीन आहेत. बघावंसं वाटणं अगदी साहजिक आहे.

यावर ग्रुपमध्ये दोन मतं पडली. एक म्हणते, जैन बाईने असल्या ठिकाणी जाऊच नये. दुसरी म्हणते, प्रवासात सगळं चालतं, घरी आल्यावर प्रायश्चित्त घेऊ. मला दोन्ही पटत नाहीत. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, ते काही घरात कोंडून घ्यायला सांगत नाही. कुठवर जायचं ते आधी ठरवा आणि ठरवलेलं पाळा, एवढंच सांगते. त्याचे अतिचार वाचले तर गंमत वाटते. वर, खाली आणि आडव्या दिशेची मर्यादा ओलांडणं, ठरवलेलं क्षेत्र मध्येच वाढवणं आणि मर्यादा विसरणं हे त्याचे दोष. वर म्हणजे आजचं विमान, खाली म्हणजे स्कूबा डायव्हिंग! आचार्यांनी तिन्ही दिशा धरून ठेवल्यात, आणि विसरभोळेपणालाही माफी नाही. म्हणून पहिला प्रश्न पॅकेजच्या किमतीचा नाही. आपण मर्यादा घेतली आहे का, आणि ती कुठवरची, हा आहे. कितीतरी जणींनी "भारताबाहेर जाणार नाही" असा नियम गुरूंसमोर घेतलेला असतो आणि व्हिसाचा फॉर्म भरताना तो आठवतो.

आता हंगाम बघा. ताहितीकडे कोरडे, थंड दिवस साधारण मे ते ऑक्टोबर, आणि एजंट तेव्हाचंच तिकीट सुचवतो. म्हणजे आषाढ चौदसीपासून पुढचा जवळजवळ सगळा चातुर्मास, मध्ये पर्युषण. ज्या दिवसांत साधू-साध्वी विहार थांबवतात आणि आपण पालेभाजीसुद्धा सोडतो, त्याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. नोव्हेंबरनंतर तिथे पावसाळा. त्यात तारखेचा घोळ वेगळा. ताहितीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे. आपल्याकडे रविवारी सकाळचे आठ, तेव्हा तिथे शनिवारचे दुपारचे साडेचार. अष्टमी-चौदस कुठली धरायची, हे निघण्याआधी महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना विचारायलाच हवं.

जेवणाचं तर विचारूच नका. त्या बेटांचं पारंपरिक अन्न म्हणजे अळूचे कंद, सुरणासारखे कंद, रताळी. सगळं जमिनीखालचं. त्यांचा लाडका पदार्थ नारळाच्या दुधातला कच्चा मासा. आपल्यासाठी उरतात केळी, अननस, पपई, नारळ आणि नीरफणस. बरं, इथून डबे भरून नेऊ म्हणावं तर थेट विमान नाही. ऑकलंडमार्गे जाताना न्यूझीलंडमध्ये उतरलात तर पिशवीतला प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहून द्यावा लागतो. लिहिला नाही तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

आणि हे डबे कोण भरतं? माझा खरा मुद्दा हा आहे. ओलसर पदार्थ रात्र उलटली की वासी, म्हणून दशम्या-ठेपले पहिल्याच दिवशी संपवायचे आणि पुढच्या आठ दिवसांचे खाकरे बाईने आधीचे चार दिवस शेकत बसायचं. तिथे गेल्यावर हॉटेलच्या खोलीत छोट्या कुकरवर मुगाची खिचडी तिनेच लावायची. बाकीचे म्हणतात, "आम्ही बाहेर काहीतरी बघतो, तू तुझं कर." मग सगळे बोटीतून सूर्यास्त बघायला जातात आणि ही चौविहारासाठी खोलीत एकटी जेवते. याला मी सुट्टी म्हणत नाही. धर्म घराचा असेल तर नियमही घराचा हवा. प्रवासात कोण काय पाळणार आणि स्वयंपाकाला हात कोण लावणार, हे पैसे भरायच्या आधी नवऱ्याने आणि मुलांनी तोंडाने कबूल करावं. सासूबाई सोबत असतील तर त्यांच्यासमोर करावं, म्हणजे पुढे कुणी फिरत नाही.

खरेदीचंही बोलायला हवं, कारण तिकडचा काळा मोती फार प्रसिद्ध आहे. तो होतो कसा? जिवंत शिंपला किंचित उघडून त्यात शिंपल्याच्याच कवचाचा घडवलेला मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल पडद्याचा तुकडा ठेवतात. ज्याचा तुकडा घेतला तो मरतो. ज्यात ठेवला तो दीड-दोन वर्षं समुद्रात टांगलेला राहतो, काही त्यातच मरतात. आपल्या शास्त्रात शंख-शिंपले द्वींद्रिय जीव आहेत. प्रवाळ आपल्याकडे पृथ्वीकायात मोजलं जातं, तर विज्ञान म्हणतं की ते असंख्य बारीक प्राण्यांचं घर. कसंही धरा, त्यावर पाय ठेवणं चूकच. हवाईसारख्या ठिकाणीही आता हे कळलंय. प्रवाळाला अपाय करणारी दोन रसायनं असलेली सनस्क्रीन तिथे १ जानेवारी २०२१ पासून विकायला बंदी आहे. त्यांनी कायद्याने केलं, आपल्याकडे अनर्थदंड व्रत आधीपासून आहे. निव्वळ मजेसाठी पाणी घुसळणारी जेट स्की आणि माशांना पाव टाकण्याचे खेळ त्यात आपोआप बाद होतात.

मग बेट बघायचंच नाही का? बघा की. माझं मत अंदमानच्या बाजूने आहे. भारताची मर्यादा घेतली असेल तर ती मोडत नाही. शेगावहून हावड्याकडे जाणारी गाडी मिळते, पुढे कोलकात्याहून विमान. चांगला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास उठला, की निघायला मोकळ्या. दिवाळीच्या सुट्टीचा हट्ट मात्र सोडा, तेव्हा चातुर्मास संपलेला नसतो आणि महावीर निर्वाणाचा लाडू चढवायला आपण आपल्या गावात असलेलं बरं. आणि नुसतं पाणी बघून परत येण्याचीही गरज नाही. ४ जुलै १९११ ला सावरकरांना जिथे आणलं ते सेल्युलर जेल मुलांना दाखवता येतं. ज्या पोर्ट ब्लेअरमध्ये ते आहे, त्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या. अंदमान आपल्यापासून खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ भारताचंच, त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या आसपास सूर्यास्त होतो. हॉटेलचं रात्रीचं जेवण सुरू व्हायच्या कितीतरी आधी. चौविहार करणाऱ्यांनी साडेचारला ताट मिळेल का, कांदा-लसूण आणि कंदमूळ वगळून वेगळ्या भांड्यात होईल का, हे बुकिंग करतानाच विचारून लिहून घ्यावं. "जैन फूड मिळेल" एवढ्या शब्दावर विसंबू नये. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ फक्त कांदा-लसूण नाही, बटाटा मात्र आहे, असा असतो. सकाळ तिथे लवकर होते, त्यामुळे नवकारसीही लवकर येते. दिवसाचं फिरणं पहाटेपासून धरा आणि चारपर्यंत आटोपा.

किनाऱ्यावरून शंख किंवा प्रवाळ उचलून आणू नका. व्रताच्या आधी तिथे कायदाच आडवा येतो. जारवांच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे फोटो काढू नका आणि खाऊ फेकू नका. तोही गुन्हा आहे, आणि माणसाला प्रेक्षणीय वस्तू करणं ही हिंसाच आहे.

ज्यांनी मर्यादा वेगळी घेतली आहे आणि ज्यांना ताहितीला जायचंच आहे, त्यांनी खुशाल जावं. पण आधी कागद घ्या आणि तीन ओळी लिहा. कुठवर जाणार, काय खाणार नाही, काय विकत घेणार नाही. खाली घरातल्या प्रत्येकाची सही घ्या. तो कागद पासपोर्टसोबत ठेवा.

तुमच्या घरी प्रवासातलं जेवण कोण सांभाळतं, ते मात्र मला नक्की कळवा. जय जिनेंद्र.