सफाईचे कंत्राट आणि आपले आरक्षण

महापालिकेने सफाई कंत्राटदाराकडे दिली की चर्चा होते ती खर्चाची आणि स्वच्छतेची. आपल्या समाजापुढचा प्रश्न वेगळा आहे : या कामगाराचा मालक कोण?

मुंबईचे उदाहरण घ्या. कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ ठरवले गेले. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होत असे. म्हणून त्याहून कमी माणसांची छोटी छोटी कंत्राटे निघाली. कचरा वाहतूक श्रमिक संघ याविरुद्ध लढला. 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. पालिका वरच्या न्यायालयांत गेली, पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कामगारच जिंकले. राज्य सरकारने मात्र कायद्याची मर्यादा 20 वरून 50 कामगारांवर नेली. पळवाट बुजवायची, ती रुंद केली.

नुकसान फक्त पगाराचे नाही. संविधानाच्या कलम 16(4) मधले आरक्षण सरकारी सेवेतल्या पदांना आहे, कंत्राटदाराच्या हजेरीपटाला नाही. कारकुनाचे किंवा अभियंत्याचे पद कंत्राटात गेले की बिंदुनामावलीच उरत नाही. झाडू मात्र कंत्राटातही बहुतेक दलित वस्तीतल्या हातातच येतो. जात कामाला चिकटून राहते, हक्क तेवढे सुटतात.

‘झाडूच्या नोकरीसाठी भांडायचे कशाला? बाबासाहेबांनी तर घाणीची कामे सोडायला सांगितली,’ असे आपले शिकलेले तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार मिळणारी वारसा नोकरी घराला आधार देते, तशीच पुढच्या पिढीला त्याच कामात अडकवूही शकते. पण त्याच बाबासाहेबांनी 1935 मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. हे काम सोडायचे तर मुलांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत घरात नियमित पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि आजारपणाची रजा हवी. कंत्राट नेमके तेच काढून घेते.

म्हणून आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. बारमाही काम कंत्राटाने का? मागासवर्गीयांची किती पदे रिक्त आहेत? आणि कंत्राटदार वेतन थकवतो तेव्हा मुख्य मालक म्हणून ते देण्याची कायदेशीर जबाबदारी पालिका पार पाडते का? उत्तरे लेखी मागा.