गच्ची नसलेल्यांचाही विचार व्हावा



दीपावलीचा अंक आपल्या हाती देताना यंदा दिव्यामागच्या विजेबद्दल, आणि त्या विजेसाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानाबद्दल लिहावेसे वाटते.

जबलपुरातली रांझी ही कामगारांची वस्ती. शहरात १९०४ साली तोफगाडीचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा आयुधनिर्माण कारखाना आला, १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या परिसरात स्थिरावली. कोणी निवृत्तीनंतर स्वतःचे घर बांधले, कोणी अजून क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात. अनुदानाचा प्रश्न नेमका इथूनच सुरू होतो.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी घराच्या गच्चीवर सौर संच बसवण्यासाठी 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू झाली. एक कोटी घरांचे लक्ष्य आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॅटच्या संचातून महिन्याला सुमारे तीनशे युनिट वीज निघते. मध्यम कुटुंबाचे बिल त्यात भागते. योजना चांगली आहे आणि तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

मात्र अनुदान संच बसून, तपासणी होऊन, दिलेली-घेतलेली वीज मोजणारे नेट मीटर लागल्यावरच खात्यात जमा होते. तोवरचा खर्च घरमालकाने करायचा किंवा कर्ज काढायचे. शिवाय स्वतःचे घर आणि स्वतःच्या नावाची वीजजोडणी हवी. म्हणजे ज्याच्याकडे गच्ची आणि थोडी शिल्लक आहे, त्यालाच पहिला लाभ. भाडेकरू, क्वार्टरवासी आणि वाटणीच्या भांडणात अडकलेली घरे मागे राहतात. बिलाचा भार मात्र याच घरांना सर्वांत जड जातो.

सर्वांपर्यंत पोचलेली योजनाही आपण पाहिली आहे. ५ जानेवारी २०१५ पासून 'उजाला'खाली एलईडी दिवे वाटले गेले. सरकारने एकगठ्ठा खरेदी केली, तेव्हा ३१० रुपयांच्या आसपासचा खरेदीदर दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला. तिथे घराच्या मालकीची कागदपत्रे कोणी मागितली नाहीत. साठ वॅटच्या जागी नऊ वॅटचा दिवा लागला, तो झोपडीतही आणि बंगल्यातही.

सौर योजनेलाही तशीच वाट काढता येईल. एका ठिकाणच्या संचाची वीज अनेकांच्या बिलांतून वजा करण्याची, म्हणजे व्हर्च्युअल नेट मीटरिंगची तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. गृहसंस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये मिळतात. आणि २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनुसार पाच किलोवॅटपर्यंतच्या सौर संचासाठी तारा, ट्रान्सफॉर्मर यांची क्षमता वाढवावी लागली, तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा आहे. हा ग्राहकाचा हक्क आहे. तो माहीत असेल तरच मागता येतो.

ही माहिती घरोघरी पोचवण्याचे काम आपल्या मराठी मंडळांनी घ्यावे, असे आम्हाला कळकळीने वाटते. गणेशोत्सवाची वर्गणी जमवणारे हात अर्जही भरून देऊ शकतात. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने गाव म्हणून एकत्र येऊन सौरग्राम होऊन दाखवले. परगावी येऊन संस्था उभारणाऱ्या आपल्या समाजाला हे अवघड नाही.

अनुदान हा आपल्याच कराचा पैसा आहे. तो गरजूच्या मीटरपर्यंत पोचतो की नाही, हे पाहणे ही आपलीही जबाबदारी. येत्या वर्षी प्रत्येक मंडळाने निदान एका गल्लीची जबाबदारी उचलावी, ही आग्रहाची विनंती. 

— संपादक