मिटवून टाका!
(द्वितीय वर्ष, कला)

रस्त्यावर दोन गाड्यांची टक्कर झाली की पाच मिनिटांत वीस-पंचवीस माणसे गोळा होतात. त्यांतली निम्मी नुसती बघी असतात, चार-दोन खरोखर मदत करणारी असतात आणि एखादे तरी वयाने मोठे, अनुभवी दिसणारे गृहस्थ असतातच. ते पुढे होतात, दोन्ही ड्रायव्हरांच्या खांद्यांवर हात ठेवतात आणि म्हणतात, "जाऊ द्या हो, माणसं वाचली ना? काय असंल ते हितल्या हितं मिटवून टाका." या एका वाक्याने आजवर कितीतरी मारामाऱ्या टळल्या असतील, आणि त्याबद्दल अशा गृहस्थांचे आभारच मानले पाहिजेत. पण त्या मिटवण्याचा खर्च शेवटी कोणाच्या खात्यावर पडतो, हे पाहायला ते गृहस्थ थांबलेले नसतात. आपल्या वार्षिक अंकात हुंड्यावर लेख येतात, बेकारीवर येतात, पावसावर तर दहा कविता येतात. पत्र्याच्या पोच्यावर लिहिणारा बहुधा मीच पहिला. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमचा एक छोटा हत्ती आहे, २०१६ सालचा. त्यावरच आमचे घर चालते. वडील हंगामात गुऱ्हाळावरून गुळाचे रवे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आणतात आणि एरवी भाजीपाला वाहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन हंगामात, सांगली रस्त्यावर आडवाटेने आलेल्या एका मोटारीने आमच्या गाडीला डाव्या अंगाने पुढून धडक दिली. सुदैवाने कोणाला खरचटलेही नाही. मोटारवाले सभ्य होते. ते खाली उतरले, "सॉरी मामा" म्हणाले, गर्दीतल्या गृहस्थांनी आपले वाक्य म्हटले, आणि खिशातून तीन हजार रुपये काढून वडिलांच्या हातावर ठेवून ते निघून गेले. नाव नाही, पत्ता नाही, गाडीचा नंबरही कोणी लिहून घेतला नाही.

आता हे तीन हजार कशावरून ठरले? कोणी बॉनेट उघडून पाहिले? कोणी गाडीखाली वाकले? रस्त्यावर उभे राहून दिसते ते फुटलेली काच, फुटलेला दिवा आणि आत गेलेला पत्रा, एवढेच. केबिन किती मागे सरकली, चासीला पीळ बसला की नाही, पुढचा पाटा हलला काय, चाके सरळ आहेत काय, हे गॅरेजमध्ये सगळे उकलल्याशिवाय मिस्त्रीलाही सांगता येत नाही. डॉक्टर तपासायच्या आधीच औषधाचे पैसे ठरवण्याचा हा प्रकार आहे. आणि ते ठरवतो कोण, तर ज्याच्या खिशातून पैसे जायचे आहेत तो!

उद्यमनगरात ज्या गॅरेजात गाडी नेली तिथे मला अकरा दिवसांत जेवढे शिकायला मिळाले तेवढे एका सत्रात मिळाले नसेल. (प्राध्यापकांनी राग मानू नये.) मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिला प्रश्न विचारला तो नुकसानीचा नव्हताच. "रोखीचं का क्लेमचं?" असा तो प्रश्न होता. क्लेमचे काम असेल तर विम्याचा सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. वाकलेला भाग शक्यतो नवा टाकायचा, कारण नव्या भागाची पावती दाखवता येते. रोखीचे असेल तर लगेच हातोडी उचलायची. भाग नवा न टाकता जुनाच ठोकून सरळ करायचा आणि दिवा जुन्या बाजारातून आणायचा.

आमच्याकडे विमा होता. वडील दरवर्षी न चुकता हप्ता भरतात. एकही वर्ष चुकवलेले नाही. पॉलिसीचा कागद मी घरून आणला आणि वाचू लागलो. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, आणि मलाही तो कागद शब्दकोश घेऊन बसल्याशिवाय कळेना. बऱ्याच वेळाने उलगडले ते असे. बँकेचे कर्ज होते तोवर बँकेनेच ‘फुल’ पॉलिसी काढायला लावली होती. कर्ज फिटल्यावर एजंटाने नुसती ‘थर्ड पार्टी’ काढून दिली, हप्ता कमी आला, सगळे खूश झाले. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सक्तीचा विमा तेवढाच आहे. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण हा विमा आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देण्यासाठी असतो. आपल्या गाडीचे मोडले तर त्यातून एक खिळाही मिळत नाही. "इन्शुरन्स आहे" हे वडिलांचे म्हणणे खरे होते. फक्त तो दुसऱ्यांसाठी होता.

पण मग उलट बाजूनेही पाहू. त्या मोटारीलाही असाच सक्तीचा विमा असणार, आणि त्या विम्यात आम्ही ‘दुसरे’! मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीपोटी साडेसात लाख रुपयांपर्यंतची तरतूद असते. म्हणजे ज्या पैशावर आमचा कायदेशीर दावा लागू शकत होता तो पैसा त्या मोटारवाल्याने आधीच हप्त्याच्या रूपाने भरून ठेवलेला होता. कदाचित त्यालाही हे ठाऊक नसेल. तो आपल्या खिशातले तीन हजार देऊन गेला आणि त्याला वाटले आपण उदारपणा केला. वाचकहो, यात लबाडी कोणाचीच नाही, आणि म्हणूनच मला ही गोष्ट अधिक गंभीर वाटते.

यावर माझा एक मित्र म्हणाला, "मग पोलिसांत का गेला नाहीत? केस टाकायची." हे बोलणे सोपे आहे. मालमत्तेच्या नुकसानीचा दावा जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो, हे खरे. पण त्यासाठी पोलिसांत नोंद हवी, पंचनामा हवा, गाडीची तपासणी हवी, वकील हवा आणि तारखांना जायला माणूस हवा. पंचनामा आणि तपासणी होईतो गाडी उभी. तारखेच्या दिवशी वडील कोर्टात, म्हणजे पुन्हा गाडी उभी. वीस-पंचवीस हजारांसाठी जो माणूस रोज हजाराची भाडी सोडील तो शहाणा कसा? गरीब माणूस अडाणीपणाने मिटवून टाकतो असे आपण शिकलेले लोक समजतो. माझे मत उलट आहे. तो मनातल्या मनात हिशेब करतो आणि त्या हिशेबात कायदा त्याला महाग पडतो.

आता आमचा हिशेब देतो. काच २,४०० रुपये, हेडलाइट आणि पुढचा शो २,९००, बंपर व जाळी १,६००, पाटा आणि अलाइनमेंट २,०००, पत्रा व वेल्डिंगची मजुरी ८,५००, रंग ६,०००. एकूण २३,४००. हे बिल सगळ्यांना दिसते. जे दिसत नाही ते निराळेच आहे. गाडी अकरा दिवस उभी होती. डिझेल वजा जाता दिवसाला नऊशे धरले तरी ९,९०० रुपये गेले. शिवाय गुऱ्हाळवाले काही आमच्यासाठी रवे मांडून बसत नाहीत. त्यांनी दुसरा टेम्पो लावला आणि दोन गिऱ्हाइके हंगाम संपेपर्यंत परत आलीच नाहीत. ती यात धरलेली नाहीत.

आम्हाला अर्थशास्त्रात संधी-खर्च नावाची संकल्पना शिकवतात. परीक्षेत ती लिहिली की चार गुण मिळतात. पण विम्याच्या कागदात ती शोधून सापडत नाही. सापडते ती नाकारण्यासाठी. ‘फुल’ पॉलिसीतसुद्धा गाडी बंद राहिल्यामुळे बुडालेली कमाई धरायची नाही असे स्वच्छ लिहिलेले असते. ज्याची मोटार हौसेची आहे त्याची ती दुरुस्तीत असली तर तो रिक्षाने ऑफिसला जातो. ज्याची गाडी हीच नोकरी आहे त्याची अकरा दिवस बिनपगारी रजा होते. दोन्ही गाड्यांना कागद मात्र एकाच भाषेत बोलतो.

आणि ‘फुल’ असती तर सगळे मिळाले असते, या भ्रमातही कोणी राहू नये. त्याच गॅरेजात आमच्या शेजारी एक पिकअप उभी होती. तिच्या मालकाचा क्लेम मंजूर झाला होता आणि तो डोक्याला हात लावून बसला होता. घसाऱ्याचे कोष्टक त्याच्याकडून मला समजले. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून अर्धे कापतात. फायबरचे तीस टक्के कापतात. पत्रा व इतर धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे कात्री लागते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ती चाळीस टक्के असते. काचेला तेवढी सूट आहे. त्यावर मालवाहू गाडीची आणखी एक गंमत आहे. बंपर, मडगार्ड, हेडलाइट, बॉनेटच्या बाजू आणि मोडलेल्या भागाचा रंग हे सारे जादा हप्ता भरला असेल तरच धरतात. आता टक्कर झाली की आधी काय फुटते? बंपर, मडगार्ड, हेडलाइट! छत्री घ्यावी आणि पावसाचे थेंब त्यातून वगळलेले असावेत, असे हे झाले. तो जादा हप्ता असतो हे एजंट सांगतात काय? शेजारच्या मालकाला तरी कोणी सांगितलेले नव्हते.

मिस्त्रींबद्दल चार शब्द लिहिलेच पाहिजेत. ते सातवी शिकलेले आहेत. आत गेलेल्या पत्र्यामागे डॉली धरून बाहेरून हातोडी मारताना ते पत्र्याकडे पाहत नाहीत, तळहात फिरवून पाहतात. हाताला लागते ते डोळ्याला दिसत नाही, असे ते म्हणतात. कुठे ठोकायचे आणि, त्याहून महत्त्वाचे, कुठे थांबायचे, हे त्यांना कळते. कारण जादा ठोकलेला पत्रा ताणला जातो आणि मग तो डबडब वाजत राहतो. त्यांनी आमचा दरवाजा नवा न घेता जुनाच उभा केला आणि आमचे निदान सहा-सात हजार वाचवले. पण क्लेमच्या कामात या कौशल्याला भाव नाही. नवा भाग टाकला तर कंपनीची छापील किंमत असते; जुना वाचवला तर मजुरीवर घासाघीस होते. वाचवणाऱ्यापेक्षा बदलणाऱ्याला जास्त मिळावे, ही व्यवस्था मला उफराटी वाटते. आय.टी.आय.मध्ये बॉडी दुरुस्तीचा आणि रंगकामाचा अभ्यासक्रम आहे. पण उद्यमनगरात मी ज्या पोरांशी बोललो ती सगळी झाडलोट करता करताच शिकलेली होती. रंगाची गन धरणारा मुलगा माझ्याच वयाचा. लांबी भरायची, पाणी मारून कागदाने घासायची, प्रायमर द्यायचा आणि मग रंग मारायचा, हे सारे तो तोंडाला नुसता रुमाल बांधून करत होता. हल्लीच्या दोन डबे मिसळून मारायच्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने कामगारांना दमा जडतो, ही जगभर ठाऊक असलेली गोष्ट आहे. रुमाल त्याला अडवत नाही. मी त्याला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तू कॉलेजात हाईस व्हय?"

कोणी विचारील, मग तुझे म्हणणे तरी काय? भांडत बसावे? मुळीच नाही. मिटवावे, पण पाच मिनिटांत मिटवू नये. दोघांनी एकमेकांचे नाव, गाडीचा नंबर, विमा कंपनी व पॉलिसीचा नंबर लिहून घ्यावा. आता तर मोबाइलवर फोटोही काढता येतो. विम्याची माहिती मागणाऱ्याला ती नाकारू नये अशी कायद्याचीच आज्ञा आहे. आकडा गॅरेजचे एस्टिमेट आल्यावर ठरवावा आणि बंद पडलेले दिवस त्यात धरावेत. ही मागणी दोन माणसांकडे झाली. सरकारकडे आणि विमा कंपन्यांकडे माझी मागणी याहून साधी आहे. जो कागद घेण्याची सक्ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक टेम्पोवाल्यावर आहे तो त्याच्या हातात मराठीत पडावा. काय मिळेल ते पहिल्या पानावर आणि काय मिळणार नाही तेही पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत. शिवाय माणूस जखमी नसलेल्या, नुसत्या पत्र्याच्या दाव्यांसाठी लोकअदालतीसारखी एकाच बैठकीत निकाल देणारी सोय तालुक्याला नेमाने असावी. लोकअदालतीत मोटार अपघाताचे दावे आजही तडजोडीने सुटतात. पण तिथवर पोचण्याआधीच आमच्यासारख्यांची प्रकरणे रस्त्याच्या कडेला सुटलेली असतात.

आमच्या प्रकरणात खर्च आणि बुडालेले दिवस मिळून ३३,३०० रुपये झाले. त्यातून ते तीन हजार वजा केले की ३०,३०० उरतात. ते चुलत्यांकडून घेतले आहेत आणि हप्त्याने फेडणे चालू आहे. वडिलांना त्या मोटारवाल्याचा राग नाही. "पोरगा चांगला हुता, थांबला तरी," असे ते म्हणतात. न थांबता जाणारेही असतात, हे मलाही मान्य आहे.

गाडी आता रोज यार्डात जाते. रंग जुन्या रंगाशी अगदी मिळाला आहे. सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. डावा दरवाजा तेवढा दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. मिस्त्री म्हणतात, "एक दिवस आणून लावा, बिजागरी बघून देतो, पैसे नकोत." तो एक दिवस अजून निघालेला नाही.