ओसरी हरवलेले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण खर्चाचा आणि दगदगीचा इशारा म्हणून सांगितली जाते. परंतु घर आणि लग्न यांची जोडी तिच्यात उगाच जमलेली नाही. कुणी कुणासोबत आणि कोणत्या रीतीने राहायचे, हा निर्णय दोहोंतही दडलेला असतो. भिंत कुठे उभी करावी, दार कोणीकडे उघडावे, पाहुण्याने कुठवर यावे, हे ठरविणे म्हणजे घरातल्या नात्यांची मांडणी ठरविणे होय.

जुन्या मराठी वाड्याच्या रचनेत ही मांडणी स्वच्छ दिसते. थोरल्या दरवाजातली लहान दिंडी, आत देवडी, पुढे उघडा चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या आत माजघर, त्यापलीकडे देवघर व स्वयंपाकघर आणि शेवटी परसदार. कोल्हापूर-सांगलीकडे ओसरीला सोपा म्हणतात. हा क्रम म्हणजे परिचयाच्या पायऱ्याच होत्या. निरोप घेऊन आलेला माणूस देवडीवरून परत फिरे. देण्याघेण्याचे हिशेब आणि भाऊबंदकीच्या तडजोडी ओसरीवर चालत. सोयरा माजघरापर्यंत येई. स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र घरच्यांखेरीज सहसा कुणी ओलांडीत नसे. ‘आता याहून पुढे येऊ नका’ असे कुणाला तोंडाने सांगण्याचा प्रसंगच येत नसे. ते काम उंबरठे करीत.

चौकातून उजेड आणि वारा आत येई. पापड, सांडगे, मिरच्या तिथेच वाळत आणि कार्यप्रसंगी मांडवही तिथेच पडे. दाट वस्तीत बाहेरून बंदिस्त असलेल्या घराला आभाळ मिळावे, यासाठी योजलेली ही युक्ती होती.

तथापि वाड्याची केवळ थोरवी गाणे न्याय्य ठरणार नाही. ज्या रचनेने पुरुषांना ओसरीचा मोकळा वारा दिला, तिनेच स्त्रियांना माजघराचा अंधार दिला. बाळंतिणीची खोली बहुधा सर्वांत कोंदट असे. कोणत्या जातीच्या माणसाने अंगणात थांबावे आणि कुणी ओसरी चढावी, हेही त्याच उंबरठ्यांनी ठरविले. समाजाची माया आणि समाजाचा अन्याय, दोन्ही एकाच कडीपाटाखाली नांदत होते. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यातला विदर्भातला वाडा ढासळतो तो भिंती जुन्या झाल्यामुळे एवढेच नव्हे; ज्या जीवनक्रमासाठी तो उभारला गेला, तो क्रमच विसकटलेला असतो.

अहमदाबादच्या पोळांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. पोळ म्हणजे एका वेशीच्या आत चिंचोळ्या गल्लीभोवती दाटलेली घरे. एका व्यवसायाची वा समाजाची कुटुंबे तिथे पिढ्यानपिढ्या शेजाराने राहिली. अनेक पोळांत जैन देरासरे आहेत आणि मोकळ्या जागी उंच खांबावर पक्ष्यांसाठी चबुतरा असतो. माणसांना पुरेशी जागा नसलेल्या गल्लीत पाखरांच्या दाण्यासाठी जागा राखावी, हे जीवदयेचे संस्कार लाकडात आणि दगडात उतरल्याचे चिन्ह आहे. कित्येक घरांच्या चौकाखाली टांके असते. छपरावर पडलेले पावसाचे पाणी त्यात साठवून ते वर्षभर जपून वापरले जाई. घराबाहेरचा ओटा हा तर पोळीचा प्राण. दुपारची भाजी निवडण्यापासून संध्याकाळच्या गप्पांपर्यंत सारे त्यावर चाले. २०१७ मध्ये अहमदाबादचे हे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. असा मान मिळविणारे ते भारतातले पहिले शहर.

मुंबईच्या चाळीला चौक परवडला नाही, ओटाही नाही. गिरणीच्या वेळापत्रकाने बांधलेल्या त्या वास्तूत एका कुटुंबाला एक खोली मिळाली. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. स्वच्छतागृह समाईक, त्यामुळे रांग समाईक आणि भांडणही समाईक. पण खोल्यांना जोडणारी गॅलरी किंवा व्हरांडा हीच चाळकऱ्यांची ओसरी झाली. अभ्यास, पत्त्यांचा डाव, आजाऱ्याची विचारपूस, सारे तिथेच. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. सर्वांच्या वहिवाटीची जागा दाराशीच असल्यावर उत्सव सर्वांचा होण्यास वेळ लागत नाही.

आज बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते. घरात स्वतंत्र स्वच्छतागृह आणि दाराला कडी लावून मिळणारा एकांत यांसाठी ज्या गृहिणींनी आयुष्यभर वाट पाहिली, त्यांच्या आनंदाला कुणी गतकातरतेने नावे ठेवू नयेत. एकांत ही चैन नसून गरज आहे.

मात्र नव्या आराखड्यात एक जागा अलगद पुसली जाते. वाड्यात ओसरी, पोळीत ओटा, चाळीत गॅलरी. तिन्ही जागा ना पुरत्या आतल्या, ना पुरत्या बाहेरच्या. तिथे बसण्यासाठी आमंत्रण लागत नसे आणि उठून जाण्यासाठी सबब लागत नसे. सदनिकेचे दार उघडले की समोर लिफ्ट असते. गावाकडचे घर बंद करून मुलाकडे आलेल्या वृद्ध गृहस्थांना घरात काहीच कमी नसते. अन्न वेळेवर मिळते, औषध मिळते, सूनबाई आदराने वागते. तरी दिवसाकाठी त्यांच्याशी बोलणारी माणसे चारच, आणि तीही कामावरून थकून आलेली. त्यांच्या हरवलेल्या वस्तूचे नाव ओसरी आहे.

यावर उपाय नाही असे नव्हे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतल्या बेलापूर येथे सिडकोसाठी १९८० च्या दशकात जी वसाहत रचली, तीत सात घरे आठ मीटर लांबी-रुंदीच्या एका चौकाभोवती मांडली. असे तीन समूह मिळून एकवीस घरांना त्याहून मोठे अंगण दिले. प्रत्येक घर ऐपतीप्रमाणे वाढविता यावे म्हणून दोन घरांमध्ये समाईक भिंत ठेवली नाही. घर ज्याचे त्याचे, पण चौक सर्वांचा, हे जुने तत्त्व तिथे मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी नव्याने साकारले.

पुनर्विकासाच्या सभांमध्ये चटईक्षेत्राचे आणि वाहनतळाचे प्रश्न तावातावाने विचारले जातात, आणि ते विचारलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारता येईल: सकाळी दहा वाजता घरातल्या आजी-आजोबांनी बसायचे कुठे? प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर उजेडाची थोडी रुंद जागा आणि एक बाक, तळमजल्यावर पावसातही कोरडा राहील असा कट्टा, जिन्याजवळ एक खिडकी. एवढ्याने बांधकामाचे अंदाजपत्रक कोलमडत नाही. नकाशा कागदावर असेपर्यंत ही मागणी एका रेघेने पूर्ण होते. काँक्रीट ओतल्यानंतर मात्र ती पुढची पन्नास वर्षे तशीच राहते.